वाचक विचारतात : बेसबॉल, माइक आणि मधला मोकळा वेळ

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे क्रीडा समालोचनाविषयी जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी अमेरिकेतल्या बेसबॉलसंबंधी निघाली. होळकर संघाच्या आठवणींवर वाढलेल्या इंदुरात हे कुतूहल कोठून आले, याचा उलगडा पहिल्या पत्रातच होतो. पत्रे एकमेकांना जोडून होती, म्हणून या वेळचे सदर एकाच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळून फक्त वस्तीचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. तो पहाटे साडेचारला उठू लागला याचा आम्हां उभयतांना आनंद झाला होता. परंतु तो अभ्यासासाठी उठत नसून मोबाइलवर अमेरिकेतले बेसबॉलचे सामने पाहतो, असे पुढे लक्षात आले. खेळाडू होण्याची त्याला हौस नाही. सामन्याचे वर्णन करणारे जे दोघे असतात, त्यांच्यासारखे व्हायचे असे तो म्हणतो. सामना चालू असताना तो एका वहीत आकडे आणि खुणा लिहीत असतो, ज्यांचा अभ्यासाशी काही संबंध नाही. तिच्या एका पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे. हा खरोखर पोटापाण्याचा व्यवसाय आहे काय, आणि त्याला दोन माणसे कशासाठी लागतात?
(एक पालक, लोकमान्य नगर)

उत्तर : व्यवसाय आहे, शंभर वर्षांचा आहे, आणि त्यात हयात घालवलेली माणसे आहेत. वहीच्या पानाविषयी मात्र सर्वांत शेवटी लिहितो, कारण ते मला सगळ्या पत्रव्यवहारात अधिक आवडले.

दोन माणसे लागतात, कारण त्या काचेमागच्या खोलीत दोन निरनिराळे व्यवसाय शेजारी शेजारी बसलेले असतात. पहिला माणूस घडते ते सांगतो : चेंडू कसा आला, बॅट फिरली की नाही, कोण कोणत्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या वाटेवरच्या ठाण्यावर, पोचला, धावफलक काय. त्याला आपण वर्णनकार म्हणू. दुसरा माणूस जे घडले ते तसेच का घडले, हे सांगतो, आणि त्याचे खरे कसब पुढे काय घडू शकेल हे आधी सांगण्यात असते. तो विश्लेषक. वर्णनकार बहुधा आवाज आणि भाषा यांच्या जोरावर, आकाशवाणीसारख्या माध्यमातून वर चढत आलेला असतो. विश्लेषक बहुधा निवृत्त खेळाडू असतो. एकाची कारकीर्द विशीत सुरू होते, तर दुसऱ्याची पहिली कारकीर्द संपल्यावर.

हा व्यवसाय समजण्यासाठी बेसबॉलचे वेळापत्रक ध्यानात घ्यावे लागेल. तिकडच्या मुख्य लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. बाद फेरीचे सामने राष्ट्रीय वाहिन्यांकडे असतात, परंतु एरवी प्रत्येक संघाचे स्वतःचे, त्याच गावात राहणारे समालोचक असतात. रोज संध्याकाळी तोच आवाज घरात येतो, सहा महिने येतो, दरवर्षी येतो. त्यामुळे लोकांचे त्या आवाजाशी जे नाते जुळते, ते पाहुण्याशी नसते, शेजाऱ्याशी असते. व्हिन स्कली हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. १९५० साली ते ब्रुकलिनच्या डॉजर्स संघाच्या समालोचकांत दाखल झाले, १९५८ साली संघ लॉस एंजेलिसला गेला तेव्हा त्याच्याबरोबर गेले, आणि २०१६ साली माइक खाली ठेवला तेव्हा त्यांचे ६७ मोसम पूर्ण झाले होते. लॉस एंजेलिसच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रेक्षक स्टेडियममध्ये येताना ट्रान्झिस्टर घेऊन येत. डोळ्यांसमोर चाललेला खेळ त्यांना स्कलींच्या तोंडून ऐकल्यावाचून पुरा झाल्यासारखा वाटत नसे. ज्यांनी आपल्याकडे नेहरू स्टेडियममध्ये कानाला ट्रान्झिस्टर लावून बसलेली मंडळी पाहिली आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये.

बेसबॉलमध्ये प्रत्यक्ष चेंडू हलत असतो तो वेळ फार थोडा आणि दोन चेंडूंमधला वेळ फार मोठा. समालोचकाची परीक्षा या मोकळ्या वेळात होते. स्कली तिथे खेळाडूच्या गावाची, वडिलांची, एखाद्या जुन्या फजितीची गोष्ट सांगत. चेंडू टाकण्याची वेळ आली की गोष्ट तिथेच सोडून चेंडूचे वर्णन करत आणि मग अचूक त्याच शब्दापासून पुढे जात. कीर्तनकार आख्यान थांबवून अभंग म्हणतो आणि पुन्हा आख्यानात शिरतो, तशी ही विद्या आहे. आणि गप्प कधी बसावे, हेही त्याच विद्येचे अंग आहे. १९८८ च्या अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात दोन्ही पाय दुखावलेला किर्क गिब्सन शेवटच्या डावात, दोन गडी बाद झाले असताना, लंगडत मैदानात आला आणि त्याने होम रन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे जाणारा फटका, मारून डॉजर्सना सामना जिंकून दिला. त्या क्षणी स्कलींनी चेंडू कोठे चालला आहे एवढे सांगितले आणि मग साधारण मिनिटभर एक शब्दही काढला नाही; प्रेक्षकांचा गलका तेवढा ऐकू येत राहिला. दूरदर्शनवर एक मिनिट गप्प बसणे हे किती धाडसाचे काम आहे, ते माइकसमोर बसून पाहिल्याखेरीज कळत नाही.

आता व्यावहारिक भाग. तिथपर्यंतचा रस्ता लहान गावांतून जातो. मुख्य लीगच्या खाली दुय्यम दर्जाचे अनेक संघ आहेत; तिथे नवशिका वर्णनकार बसमधून संघाबरोबर फिरतो, दिवसा जाहिराती गोळा करतो किंवा तिकिटांचे काम पाहतो, आणि रात्री एकटा माइकसमोर बसतो. एर्नी हारवेल हे असेच अटलांटा क्रॅकर्स या संघाचे सामने सांगत असत. १९४८ साली ब्रुकलिनचे समालोचक रेड बार्बर आजारी पडले, तेव्हा ब्रुकलिनला हारवेल हवे झाले. अटलांटाने मोबदल्यात मागितला एक खेळाडू, आणि क्लिफ डॅपर नावाचा कॅचर (आपल्याकडच्या यष्टिरक्षकासारखा) तिकडे पाठवून हारवेलना सोडवून आणण्यात आले. खेळाडूच्या बदल्यात समालोचक, असा हा मोठा गमतीचा सौदा. हारवेल पुढे डेट्रॉइटच्या टायगर्स संघाचा आवाज म्हणून सुमारे चार दशके गाजले.

आपल्या चिरंजीवांनी एकदम लॉस एंजेलिसचे तिकीट काढावे, असे मी म्हणणार नाही. परंतु हे कसब एका खेळापुरते नाही. ज्याला ते साधले, त्याला कबड्डी, हॉकी, क्रिकेट सगळीकडे काम असते, आणि भारतीय भाषांतले समालोचन अलीकडे पुष्कळ वाढले आहे. त्याविषयी पुढे एका उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : पूर्वी तारेवरून येणाऱ्या मजकुरावरून सामना जणू डोळ्यांसमोर चालला आहे असे सांगत, असे कोठेतरी वाचले होते. ही श्रोत्यांची फसवणूकच नव्हे काय?
(मालवा हाउसच्या, म्हणजे आकाशवाणी इंदूरच्या, कार्यक्रमांचा एक जुना श्रोता, रामबाग)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. बेसबॉलच्या मुख्य लीगचा पहिला सामना नभोवाणीवरून ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने ऐकवला, आणि तो सांगणारे हॅरॉल्ड आर्लिन हे मैदानातच बसलेले होते. परंतु बाहेरगावच्या सामन्याला माणूस आणि तार दोन्ही पाठवणे खर्चाचे असे, म्हणून पुढची अनेक वर्षे केंद्रांनी दुसरा मार्ग काढला. सामन्याच्या ठिकाणचा तारवाला प्रत्येक चेंडूची त्रोटक नोंद पाठवी. इकडे स्टुडिओत बसलेला वर्णनकार त्या चार अक्षरांवरून ऊन, धूळ, प्रेक्षक, खेळाडूने टोपी सारखी केली ती लकब, असे सगळे उभे करी. बॅटच्या आवाजासाठी लाकडावर लाकूड आपटत.

अमेरिकेचे पुढे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९३० च्या दशकात आयोवा राज्यातील डेमॉइनच्या केंद्रावर शिकागो कब्जचे सामने असेच सांगत असत. एकदा ऐन सामन्यात तार बंद पडली, तेव्हा त्यांनी बॅटरला एकामागून एक फाउल (मैदानाच्या रेषेबाहेर जाणारे) चेंडू मारायला लावले, कारण फाउलची नोंद धावफलकात कोठेच राहत नाही; तार सुरू झाली आणि कळले की तो बॅटर पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता. हा किस्सा ते स्वतः आयुष्यभर रंगवून सांगत, आणि दर वेळी ती मिनिटे कमीजास्त होत, हेही सांगितले पाहिजे.

फसवणूक म्हणाल तर श्रोत्यांना ही पद्धत ठाऊक असे. काही समालोचक तारयंत्राची टिकटिक मुद्दाम ऐकू येऊ देत, म्हणजे कोणाचा गैरसमज राहू नये. रेड बार्बर त्यांतले. योगायोग असा की, २६ ऑगस्ट १९३९ रोजी मुख्य लीगचा पहिला सामना दूरचित्रवाणीवर दिसला तेव्हा माइकसमोर बार्बरच होते. कॅमेरे दोनच, आणि कोणता चालू आहे हे कळण्यासाठी त्यांच्यापुढे पडदाही नाही. प्रेक्षकाला या क्षणी काय दिसते आहे, याचा अंदाज बांधत ते बोलत राहिले. २०२० साली साथीच्या काळात प्रवास थांबला तेव्हा परगावच्या सामन्यांसाठी समालोचक पुन्हा आपल्याच गावी बसले आणि पडद्याकडे पाहून बोलू लागले. तारेच्या जागी चित्र आले एवढाच फरक.

प्रश्न : विश्लेषक होण्यासाठी मोठा खेळाडू असणे आवश्यक आहे काय? मी पत्रकारितेची विद्यार्थिनी असून कोणताही खेळ महाविद्यालयाच्या पुढे खेळलेली नाही.
(देवी अहिल्या विश्वविद्यालयातील एक विद्यार्थिनी)

उत्तर : खेळाडू असणे बहुधा लागते, मोठा असणे लागत नाही. बॉब युकर सहा मोसम मुख्य लीगमध्ये कॅचर होते आणि त्यांची फलंदाजीची सरासरी होती .२००, म्हणजे पाच प्रयत्नांत एकदा यश. या आकड्याची त्यांनी स्वतः इतकी थट्टा केली की तेच त्यांचे भांडवल झाले. मिलवॉकी ब्रुअर्सचे सामने ते १९७१ पासून २०२४ च्या मोसमापर्यंत नभोवाणीवर सांगत राहिले. ते विश्लेषकाच्या खुर्चीतून वर्णनकाराच्या खुर्चीत गेलेल्या थोड्यांपैकी एक होत.

आपण विश्लेषकाचे काम म्हणता ते जवळून पाहायचे असेल, तर ४ नोव्हेंबर २००१ चा सामना पाहावा. अंतिम मालिकेचा सातवा आणि निर्णायक सामना, ठिकाण फिनिक्स. शेवटचा डाव, २–२ अशी बरोबरी, एक गडी बाद, तिन्ही बेसवर खेळाडू. न्यूयॉर्क यांकीजकडून चेंडू टाकतो आहे मारिआनो रिव्हेरा, समोर ॲरिझोनाचा डावखुरा लुईस गोन्झालेझ. होमकडे, म्हणजे धाव पुरी होते त्या बॅटरच्या जागेकडे, धावणारा खेळाडू बाद करता यावा म्हणून यांकीजने आपले आतले क्षेत्ररक्षक पुढे बोलावले होते. माइकसमोर वर्णनकार जो बक आणि शेजारी टिम मकार्व्हर. मकार्व्हर यांनी दोन चेंडूंच्या मधल्या वेळात सांगितले की, यात एक धोका आहे : रिव्हेराचा चेंडू डावखुऱ्याच्या अंगाकडे, बॅटच्या मुठीकडे वळतो, त्यामुळे बॅट मोडते आणि चेंडू क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून थोडासाच मागे पडतो, आणि तुम्ही तर त्यांना पुढे आणून ठेवले आहे. पुढच्याच चेंडूवर बॅट मोडली, चेंडू यांकीजचा क्षेत्ररक्षक डेरेक जीटर याच्या डोक्यावरून अलगद मागे गवतात पडला, आणि ॲरिझोना विजेता ठरला.

मकार्व्हर स्वतः कॅचर होते आणि १९६४ व १९६७ च्या विजेत्या कार्डिनल्स संघात खेळलेले होते. कॅचर हा एकच खेळाडू सगळ्या मैदानाकडे तोंड करून बसतो. प्रत्येक चेंडूच्या आधी कोठे कोण उभा आहे आणि काय होऊ शकेल, याचा हिशेब करणे हेच त्याचे काम असते. युकर आणि मकार्व्हर दोघेही कॅचर निघावेत, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. आपल्याकडेही वडोदऱ्याचे किरण मोरे यांच्यासारख्या यष्टिरक्षकांचे खेळाविषयीचे बोलणे ऐकताना हेच जाणवते.

अलीकडे विश्लेषकाचे काम दोन्ही बाजूंनी अवघड झाले आहे. २०१५ पासून मैदानोमैदानी बसवलेल्या यंत्रणेमुळे चेंडूचा वेग, फिरकी, बॅटवरून सुटल्याचा कोन असे आकडे क्षणात समोर येतात. आकडा वाचून दाखवणे सोपे, पण त्यातला कोणता आकडा या चेंडूपुरता खरोखर बोलतो आहे, हे निवडणे कठीण. दुसरीकडे २०२३ पासून चेंडू टाकण्यावर घड्याळाचे बंधन आले : बेस रिकामे असतील तर १५ सेकंद. त्या अवधीत पुनर्दर्शन दाखवायचे, कारण सांगायचे, आणि चेंडू सुटण्याआधी तोंड मिटून जागा वर्णनकाराला द्यायची. हे सगळे चालू असताना कानातल्या यंत्रातून निर्माता पुढचे चित्र कोणते येणार ते सांगतच असतो.

आपण खेळाडू नाही, म्हणून दुसऱ्या खुर्चीचा विचार तूर्त सोडावा आणि पहिलीचा करावा. वार्ताहर म्हणून मैदानाच्या कडेने आत शिरण्याचाही एक मार्ग आहे, आणि पत्रकारितेच्या विद्यार्थिनीला तो अधिक सरळ आहे.

प्रश्न : पैसा किती मिळतो?
(एक व्यापारी, सियागंज)

उत्तर : प्रश्न थोडक्यात आहे, म्हणून उत्तरही तसेच. राष्ट्रीय वाहिनीवरच्या मोजक्या नावांना भरपूर, मुख्य लीगच्या संघांच्या समालोचकांना बरा, आणि खाली बसमधून फिरणाऱ्यांना जेमतेम. सामने दाखवणाऱ्या प्रादेशिक वाहिन्यांचा मोठा समूह चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, आणि त्याच वर्षी मे अखेरीस सॅन डिएगो संघाचे प्रक्षेपण लीगला स्वतःच्या हाती घ्यावे लागले. लोक केबल सोडू लागले की समालोचकाच्या खुर्चीखालची फळी हलते. दुकान भाड्याचे असले की मालकाच्या अडचणी भाडेकरूला भोगाव्या लागतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

प्रश्न : मी शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळले आहे. बेसबॉलच्या माइकवर स्त्रिया असतात का, की त्यांना मुलाखतीपुरतेच ठेवतात?
(एक शिक्षिका, सुदामा नगर)

उत्तर : आपण सॉफ्टबॉलचा उल्लेख केलात, म्हणून जेसिका मेंडोझा यांच्यापासून सुरुवात करतो. त्या २००४ च्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉलचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघात होत्या. ऑगस्ट २०१५ मध्ये ईएसपीएन वाहिनीवर मुख्य लीगच्या सामन्याचे विश्लेषण करणारी पहिली स्त्री त्या ठरल्या, आणि सॉफ्टबॉलवालीला बेसबॉल काय कळणार, असे म्हणणारेही तेव्हा पुष्कळ निघाले. त्याच्याही आधी, २००५ पासून, सूझन वॉल्डमन यांकीजच्या नभोवाणी प्रक्षेपणात दुसऱ्या खुर्चीत बसत आल्या आहेत. तिथवर त्या वार्ताहर म्हणून काम करीत पोचल्या. पहिली खुर्ची मात्र सर्वांत उशिरा मिळाली. एखाद्या संघाची मुख्य वर्णनकार म्हणून स्त्रीची नेमणूक झाली ती २०२४ साली, ओकलंडच्या संघाकडे, जेनी कॅव्हनार यांची.

हा क्रम मला विचार करण्याजोगा वाटतो. जाणकार म्हणून स्त्रीचे मत ऐकून घेण्याइतपत समाज तयार झाला, तरी रोजचा घरातला आवाज बदलायला त्याला आणखी बराच वेळ लागला. ऐकणाऱ्याचा कान डोळ्यापेक्षा अधिक हट्टी असतो की काय, कोण जाणे.

प्रश्न : बेसबॉल मराठीत सांगता येईल काय? की आपल्या भाषेला ते झेपणार नाही?
(एक निवृत्त मराठी शिक्षक, राजेंद्र नगर)

उत्तर : गुरुजी, भाषेला झेपते, सांगणाऱ्याला झेपले पाहिजे. आधी परभाषेतला एक दाखला देतो. हाइमे हारिन हे इक्वेडोरचे. १९५५ साली ते लॉस एंजेलिसला आले तोवर त्यांनी बेसबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. ते ज्या स्पॅनिश केंद्रावर बातम्या सांगत, त्याला डॉजर्सचे सामने मिळाले, तेव्हा त्यांनी खेळ शिकून घेण्यासाठी मुदत मागितली आणि १९५९ पासून ते समालोचन करू लागले. सुरुवातीच्या वर्षांत परगावचे सामने ते स्टुडिओत बसून सांगत : कानात स्कलींचे इंग्रजी, तोंडात स्वतःचे स्पॅनिश. परंतु ते भाषांतर करीत नव्हते, हे महत्त्वाचे. स्कलींकडून घटना घेत आणि वाक्य आपल्या श्रोत्याच्या घरातले वापरत. १९९८ साली त्यांना बेसबॉल समालोचनाचा सर्वोच्च मान, फोर्ड फ्रिक पुरस्कार, मिळाला, आणि २०२२ मध्ये ते निवृत्त झाले. १९८१ साली मेक्सिकोचा फर्नांडो व्हॅलेन्झुएला डॉजर्सकडून गाजू लागला, तेव्हा पत्रकार आणि तो यांच्यामधले दुभाषी हारिनच होते.

मराठीची अडचण शब्दांची नाही. पिचर (चेंडू टाकणारा), कॅचर, बेस, होम रन हे शब्द आपण जसेच्या तसे घेऊ. झेल, धाव, डाव, बाद हे तर घरचेच आहेत. धाव कधी पुरी होते, हे समजावताना मी आट्यापाट्यांची आठवण देईन : सगळ्या पाट्या ओलांडून माघारी आल्यावाचून जसे लोण होत नाही, तसे तिन्ही बेस ओलांडून घरी परतल्यावाचून इथे धाव होत नाही. खरी अडचण वाक्यरचनेची आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘गोन्झालेझने आतल्या बाजूला आलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून मागे मारला’ हे वाक्य लिहायला उत्तम, परंतु ‘मारला’ येईपर्यंत सामना संपलेला असतो.

याचा अनुभव मी घेतलेला आहे. तरुणपणी इथल्याच एका शाळेच्या खो-खो स्पर्धेत माझ्या हाती हौसेने माइक देण्यात आला. मी शुद्ध, पूर्ण वाक्यांत बोलत होतो. ‘डावीकडच्या पाचव्या खेळाडूला खो दिला आहे’ असे म्हणेपर्यंत मैदानात आणखी दोन खो होऊन गडी बाद झालेला असे, आणि टाळ्या माझ्या वाक्याच्या मध्येच पडत. दुसऱ्या सत्रात माइक क्रीडाशिक्षकांनी घेतला. ते म्हणत होते, ‘उठला! खो... पुन्हा खो... वळला, पोचला, गेला!’ व्याकरणाचे काही खरे नव्हते, पण सामना दिसत होता.

बाळ ज. पंडित यांचे आकाशवाणीवरचे मराठी समालोचन ज्यांनी ऐकले असेल, त्यांना आठवेल की क्रियापद आधी फेकून तपशील मागून जोडण्याची ही बोली रीत आणि घरगुती मराठी यांचा मेळ किती सहज बसतो. बेसबॉलही तसाच सांगावा लागेल : ‘सुटला चेंडू... आत वळलाय... फिरवली बॅट, मोडली! चेंडू वर, जीटर मागे, मागे... पडला!’ दोन चेंडूंमधल्या मोकळ्या वेळात मात्र गुरुजींना आवडेल अशी लांब, डौलदार वाक्ये खुशाल योजावीत. त्या खेळात त्यांना भरपूर जागा आहे. ज्या इंदूरने सुशील दोशी यांच्यासारखा हिंदी समालोचक दिला, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली आणि ज्यांचे नाव होळकर स्टेडियमच्या समालोचन कक्षाला आहे, त्या गावाला ‘आँखों देखा हाल’ या शब्दांची किंमत मी काय सांगावी?

आणि मराठीला संधी नाही असेही नाही. २०२३ च्या आयपीएलचे इंटरनेटवरचे प्रक्षेपण बारा भाषांत झाले, त्यांत मराठी होती. त्या मराठी समालोचकांत असलेले केदार जाधव यांना मोसमाच्या मध्येच बंगळुरूच्या संघाने जखमी खेळाडूच्या जागी बोलावून घेतले. हारवेल यांच्या सौद्याच्या नेमके उलटे हे झाले. मोबदल्यात मात्र कोणी कोणाला दिले नाही.

आता, लोकमान्य नगरच्या पालकांनी पाठवलेले वहीचे पान. त्या आकड्यांचा आणि खुणांचा अभ्यासाशी संबंध नाही, ही आपली तक्रार वाचली. बेसबॉलमध्ये प्रत्येक जागेला क्रमांक असतो : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ६. पानावर पाचव्या डावात ‘६-४-३’ असे लिहिले आहे, म्हणजे शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून तो पहिल्यावर गेला आणि एका चेंडूवर दोघे बाद झाले. इंग्रजी ‘के’ हे अक्षर जिथे आहे, तिथे बॅटर तीन स्ट्राइकवर, म्हणजे चुकलेल्या किंवा सोडून दिलेल्या तीन चांगल्या चेंडूंवर, बाद. आणि जिथे तेच अक्षर उलटे काढले आहे, तिथे त्याने शेवटच्या चेंडूवर बॅट फिरवलीच नाही. ही ‘के’ची खूण हेन्री चॅडविक या इंग्लंडात जन्मलेल्या वार्ताहराने एकोणिसाव्या शतकात रूढ केली, आणि तो मुळात क्रिकेटच्या बातम्या देणारा होता, तेव्हा ही वही आपल्या परंपरेला अगदीच परकी नाही. समालोचकांपुढेही असाच कागद असतो, कारण सातव्या डावात ‘याच्या आधीच्या दोन खेपांना काय झाले’ हे सांगायला स्मरणशक्ती पुरत नाही.

मी ते पान चौकोनाचौकोनाने तपासले. चूक एकच सापडली, आणि तीही चूक म्हणावी की नाही, हा प्रश्नच आहे. सहाव्या डावातल्या एका चौकोनात काहीच खूण नाही. तिथे बारीक अक्षरात ‘दूध आणायला गेलो’ असे लिहिले आहे. यांकीजचे जुने शॉर्टस्टॉप फिल रिझुटो पुढे चाळीस वर्षे त्याच संघाचे समालोचक होते, आणि त्यांच्या कागदावर अधूनमधून ‘डब्ल्यू डब्ल्यू’ अशी एक खूण दिसे, जी कोणत्याही नियमावलीत नाही. एकाने विचारले तेव्हा तिचा अर्थ कळला : ‘वॉझन्ट वॉचिंग’, म्हणजे ‘पाहत नव्हतो’. चिरंजीवांनी निदान कारण तरी नोंदवले आहे.